सूचना : लोककलावंतांचा नंबर देण्याआधी

सर्व सभासदांस,

विस्मरणात गेलेल्या लोकगायकांची चौकशी सध्या तरुण मंडळी आणि पत्रकार आवर्जून करतायत. आनंदच आहे. पण मागच्या महिन्यात एका कलावंताचा नंबर कुणीतरी परस्पर देऊन टाकला. पुन्हा असं नको. आधी त्यांना विचारा, मगच द्या.

लेखात ‘शोध लावला’ हे शब्दही कृपया टाळा. मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकी लोकगायकाचंच बघा. १९२८मध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या, फारशा खपल्या नाहीत, तो शेतीकडे परतला. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुणाने त्याच्याच गाण्यातल्या ॲव्हलॉन या गावाच्या उल्लेखावरून माग काढला, तर गडी तिथेच! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. १९६६मध्ये गेला. म्हणजे जेमतेम तीन वर्षं.

त्यामुळे ध्वनिमुद्रणाला उशीर नको. फायलीला ‘नवीन रेकॉर्डिंग ३’ असलं नाव ठेवू नका. गायक, गाव, तारीख आणि साथीदार लिहा. साथीदाराचं नाव हमखास राहतं, हा आपला जुना रोग. मानधन आधीच ठरवा, आणि एक प्रत कलावंताच्या घरी पोचवा.

– कार्यवाह