काका, मागच्या सीटपर्यंत जाऊन आले

आदरणीय काका,

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. पण तुम्ही ते न वाचताच घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि "बरा, बरा" म्हणत टायर तपासायला वाकला असता. तुमचे आभार मानायला लागलं की तुम्हाला नेमकं कुठलं तरी काम आठवतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही चालवता त्या आपल्या शाळेच्या बसमधल्या मुलांच्या आईवडिलांनीही ते वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

परवा ओरोसच्या आरटीओत मी शिकाऊ लायसन्सची परीक्षा पास झाले. १५ प्रश्न होते, ९ बरोबर यावे लागतात, माझे १३ आले. वय ३४, शिक्षण दहावी, आणि तोवर सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. निकाल बघून बाहेर आले आणि आधी तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत, कारण पावणेबारा वाजले होते आणि बालवाडीची मुलं घेऊन तुम्ही रस्त्यावर होतात. गाडी चालवताना तुम्ही फोन उचलत नाही, हे ठाऊक असूनही राहवलं नाही म्हणून लावला.

पण माझी परीक्षा सुरू झाली ती मागच्या वर्षी जूनमध्ये. मदतनीस म्हणून मला पंधरा दिवसही झाले नव्हते. धो धो पाऊस, काचा बंद, आत ओल्या दप्तरांचा आणि रेनकोटांचा वास. शाळेच्या दारात मुलं उतरली, मी दारात उभी राहून मोजली, आकडा जुळला असं मला वाटलं. बस पुढे नेऊन तुम्ही झाडाखाली लावलीत आणि नेहमीप्रमाणे पुढून मागे चालत गेलात. शेवटच्या सीटवर, दोन दप्तरांच्या मधे, बालवाडीतला तो छोटा मुटकुळं करून झोपला होता. एका पायातला बूट खाली पडलेला. तुम्ही त्याला उचललंत, बूट माझ्या हातात दिलात आणि एक शब्द बोलला नाहीत. तो बूट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आतला मोजा भिजून काळा पडला होता.

कोणाला कळलं नसतं. पाच मिनिटांचाही उशीर झाला नव्हता. पण संध्याकाळी तुम्ही त्याच्या वाडीच्या तिठ्यावर बस थांबवलीत आणि म्हणालात, "त्याच्या आवशीक तू सांग. मी बाजूक उभो रवतंय." मी सांगितलं. ती माउली रडली, मीही रडले, आणि दुसऱ्या दिवशी तिने मुलाला पुन्हा आपल्याच बसमध्ये बसवलं. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीनंतर मी मागच्या सीटपर्यंत जाते, सीटखाली वाकून बघते आणि मग तुम्हाला ओरडून सांगते. हा प्रश्न आरटीओच्या परीक्षेत येत नाही. मला विचाराल तर तो पहिला असायला हवा.

गाडी शिकायची इच्छा मी बोलून दाखवली ती गणपतीनंतर. घरी सगळे म्हणाले, आता या वयात? तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी वाहतूक नियमांचं ते जुनं पुस्तक आणलंत, ज्याच्या कव्हराला डिझेलचा वास येतो. सकाळची मुलं सोडल्यापासून बालवाडी सुटेपर्यंतचा वेळ म्हणजे आपली शाळा. तुम्ही जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मी बसच्या पायरीवर. मी आधी धडाधड प्रश्नोत्तरं पाठ करत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक मिटलंत. "उत्तर नको माका. का ता सांग."

त्या 'का'ने मला घाम फोडला, काका. चढावर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हे मला तोंडपाठ होतं. का, ते सांगता येईना. मग घाटीत समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढत आला तेव्हा तुम्ही आपली बस बाजूला घेऊन थांबवलीत आणि मला त्याचा आवाज ऐकायला लावलात. चढावर भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरते, आणि मागे कोण आहे ते तिला दिसत नाही. उतरणीवर न्यूट्रल का करायचं नाही, तेही त्याच घाटीत कळलं. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही.

चिन्हांचा माझा गोंधळ तुम्ही खडूने सोडवलात. लाल गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, निळी चौकट म्हणजे माहिती, एवढं लवकर बसलं. पण निळ्या गोलावरच्या लाल रेघा मी सारख्या उलट सांगायचे. तुम्ही गडग्याच्या चिऱ्यावर दोन गोल काढलेत. एक रेघ म्हणजे गाडी लावून जाऊ नको. दोन रेघांची फुली म्हणजे थांबूच नको, मुलाला उतरवायलासुद्धा नाही. पावसाने ते गोल कधीच धुऊन गेले, पण परवा स्क्रीनवर फुली आली तेव्हा मला तोच चिरा दिसला.

आणि रेल्वे फाटक. ते पान मी सोडून देणार होते. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटकं रेल्वेने २०१९ पर्यंत बंद करून टाकली, आणि आपल्या किनाऱ्याच्या रस्त्यावर तर रूळच नाहीत. तुम्ही म्हणालात, वाच. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१. पहारा नसलेल्या फाटकाशी आलं की चालकाने गाडी थांबवायची. गाडीतल्या कंडक्टर, क्लीनर, मदतनीस किंवा आणखी कोणी उतरून फाटकापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी आगगाडी किंवा रुळांवरची ट्रॉली येत नाही ना ते बघायचं आणि मग आपल्या गाडीला पलीकडे न्यायचं. दुसरं कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. मी 'मदतनीस' शब्दाशी अडखळले. तुम्ही हसून म्हणालात, "बघ गो, ह्यात तू आसस."

घरी सगळे माझ्या कामाला 'मुलांना चढवणं-उतरवणं' म्हणतात. मीही तेच म्हणायचे. कायद्याच्या पुस्तकात माझं काम लिहिलेलं आहे आणि एका क्षणी अख्खी गाडी माझ्या डोळ्यांवर विसंबून पुढे सरकते, हे मला त्या गडग्यापाशी पहिल्यांदा कळलं. जुलैत पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी साकवाच्या छोट्या पुलावरून जात होतं तेव्हा तुम्ही बस अलीकडे थांबवून मला बघायला पाठवायचात. कठड्याच्या कितव्या चिऱ्यापर्यंत पाणी आहे ते मी सांगायचे, आणि शंका आली की तुम्ही वाद न घालता बस वळवायचात. मला तेव्हा वाटायचं, काकांना भिजायला नको म्हणून मला पाठवतात. चुकले मी.

बाकीचं भराभर झालं. कागदपत्रं कोणती, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, प्रवासी गाडीला त्यावर परमिट आणि फिटनेस. दारूची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि तुमच्या मते शाळेच्या बसवाल्यासाठी शून्य. अपघात झाला तर जखमीला आधी डॉक्टरकडे, आणि जवळ पोलीस नसेल तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं. हे शेवटचं तुम्ही माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलंत. 'आधी डॉक्टर' या दोन शब्दांवर तुमचा जोर होता.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितली नव्हती. मला एक एजंट भेटला होता. आता परीक्षा घरबसल्या ऑनलाइनही देता येते, म्हणून त्याने सरळ सांगितलं, आधारचा ओटीपी तेवढा द्या ताई, प्रश्न आम्ही सोडवतो, संध्याकाळी लायसन्स मोबाइलवर. रात्रभर मनात चलबिचल होती. एक दिवसाचा पगार वाचला असता, ओरोसची खेप वाचली असती. सकाळी तुम्हाला एवढंच विचारलं की ऑनलाइन देऊ का. तुम्ही ओळखलंत की काय कोण जाणे. म्हणालात, "कम्प्युटर पास करीत गो, पोरांनी करूक व्हया." मी त्या माणसाचा नंबर काढून टाकला. परवा कसालला एसटी बदलून गेले, रांगेत उभी राहिले, माझी उत्तरं मी दिली. चुकलेल्या दोनांपैकी एक तुम्ही शिकवलेलं होतं, घाईत दुसरंच बटण दाबलं गेलं. त्याबद्दल तुम्ही रागवा, मला चालेल.

पुढची वाट लांब आहे हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. आधी कारचं पक्कं लायसन्स, ते हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय मोठ्या प्रवासी गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांनुसार शाळेच्या बसवर बसायचं तर जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि बेफाम वेगाचा किंवा दारूचा गुन्हा एकदाही नको. मी बोटांवर मोजलं, चाळिशी ओलांडेल. तुम्ही म्हणालात, चाळिशी तशीही येणारच आहे.

या मे महिन्यात तुम्ही बस सोडताय. आधी एसटीची इतकी वर्षं, मग ही पिवळी बस. नवीन येणाऱ्या चालकाला मी पहिल्याच दिवशी सांगणार आहे की फेरी संपली की आधी आपण दोघं मागच्या सीटपर्यंत जायचं, मग चहा. तो ऐकेल न ऐकेल, मी जाणारच.

आता एक मागणं आहे. शिकाऊ लायसन्सवर गाडी चालवायची तर लायसन्स असलेलं माणूस शेजारी बसावं लागतं. दिरांची जुनी ओम्नी मी धुऊन ठेवलीय, पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' रंगवलाय. रविवारी सकाळी सातला, रस्ता मोकळा असतो तेव्हा, तुमच्या अंगणात गाडी लावते. म्हणजे दीर लावतील. तिथून पुढे तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसा. ते पुस्तक मी परत आणतेय, पण ते एवढ्यात मागू नका.

तुमच्या बसमधली,
ताई