लिफ्टच्या दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यात?

महोदय,

भुयारी मेट्रोबद्दलचं पत्र घाटंजी तालुक्यातून आलेलं पाहून हसू येईल. पण कापसाच्या बंडीवरून पडून माझं कमरेखालचं अंग गेलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून चाकाची खुर्ची, आणि वर्षातून दोनदा वर्ध्याहून रात्रीची गाडी धरून तपासणीला मोठ्या शहरात.

गेल्या खेपेला भुयारी गाडीत बसलो. आतलं सगळं झकास. फलाट आणि डबा एका पातळीत, खुर्ची मीच आत नेली. बाहेर पडताना मात्र लिफ्टच्या दाराला सुतळीनं पुठ्ठा बांधलेला: ‘दुरुस्तीसाठी बंद’. शेजारी सरकता जिना मजेत चालू. गार्ड म्हणाला, "काका, पलीकडच्या गेटची लिफ्ट चालू आहे." ते गेट रस्त्यापलीकडे उघडतं आणि मध्ये दुभाजक. शेवटी त्यानं आणि कॉलेजच्या दोन पोरांनी मला खुर्चीसकट पायऱ्यांवरून वर आणलं. पोरं भली होती. पण जिनिंगमध्ये कापसाची गाठ उचलावी तसं कोणी उचललं की मी डोळे मिटून घेतो. एसटीच्या पायरीवरही तेच करतो.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ सालची. स्थानकं ४७२, पण बहुतेक ठिकाणी लिफ्टच ठेवली नव्हती. तिथं २०२२ मध्ये कोर्टातल्या तडजोडीत कबूल करावं लागलं, की उरलेल्यांपैकी ९५ टक्के स्थानकं २०५५ पर्यंत सुगम करू. त्यासाठीचा काही पैसा आता त्याच शहरातल्या मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या मोटारींच्या टोलमधून येतो. बांधून झालेल्या विहिरीला मागाहून पायऱ्या काढायच्या तर असाच खर्च येणार.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, नव्या स्थानकांत लिफ्ट पहिल्यापासून असते. बांधायला कर्जही मिळतं. मुंबईच्या मेट्रो-३ ला जपानच्या जायका या सरकारी संस्थेनं दिलं. पण लिफ्टचा दोर बदलायला जपान थोडीच येणार? स्थानकातल्या जाहिराती आणि दुकानांच्या भाड्यातला ठरावीक वाटा लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढावा, दुसरीकडे वळवता येणार नाही असा. आणि कोणती लिफ्ट बंद आहे ते मोबाइलवर आदल्या दिवशी कळावं, म्हणजे वर्ध्याला गाडीत चढण्याआधीच मला ठरवता येईल.

माझी पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे. तोवर तो पुठ्ठा तेवढा उतरवून ठेवावा.

– एक कापूस उत्पादक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ