लंडनहून येताना विमान घाटातनं येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण मुंबई-लंडन विमानप्रवासाची चौकट छापलीत. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, ते बरोबर. पण खाली 'जाताना सव्वापाच तास, येताना साडेतेरा तास' वाचून रंकाळ्यावरच्या आमच्या सकाळच्या मंडळींची करमणूक झाली. एक दोस्त म्हणाला, "येताना विमान काय करूळ घाटातनं आणत्यात व्हय?"

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी सुटल्या-पोचल्याच्या वेळा लिहिण्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे चूक लगेच सापडली. मुंबईहून दुपारी १.१५ ला सुटून लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोच, आणि आपण सरळ वजाबाकी केलीत. सुटायची वेळ आपली, पोचायची तिथली. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. ते मिळवा, पावणेदहा तास होतात. येतानाच्या साडेतेरातून तेवढेच काढा, नऊ उरतात. मधला पाऊण तास बहुतेक वाऱ्याचा: दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीशी. शिवाय ७,२०० हे सरळ मोजलेलं अंतर. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा पडलाच की.

हे मी हौसेनं लिहीत नाही. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडं गेलो. सौ. रोज रात्री नऊला इन्सुलिन घेते, आणि प्रवासाच्या दिवशी आपल्याच घड्याळानं घ्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी दोन घड्याळं बांधली होती. डाव्या हातात लंडन, उजव्यात निवृत्तीला मिळालेलं एचएमटी, कोल्हापूरची वेळ. उजव्या हातात नऊ वाजले तेव्हा खिडकीबाहेर लख्ख ऊन. सौ. म्हणाली, "आत्ता कुठली रात्र?" एचएमटी दाखवलं तेव्हा कुठं सुई हातात घेतली.

आणि कोल्हापूरच्या माणसाला पावणेदहा तासही अपुरेच. आम्ही आदल्या रात्री साडेनऊला घर सोडलं. रात्रभर बस, विमानतळावर तीन तास आधी हजर. लेकीच्या दारात पोचलो तेव्हा तिथं रात्रीचे नऊ, एचएमटीत दीड. म्हणजे २८ तास. मुंबईत राहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या चौकटीत हे येत नाही, म्हणून सांगितलं.

दुरुस्ती छापताना वेळेपुढं 'तिथली' किंवा 'आपली' एवढं लिहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, मग फरक साडेपाचचा होतो, तेही घाला. घाटवाला दोस्त नोव्हेंबरात पोराकडं निघालाय आणि आपली चौकट त्यानं कापून पाकिटात ठेवलीय.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
कोल्हापूर