बागेचा आराखडा आधी रस्त्यावर आखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या कळंबा भागातला रस्ता रुंद झाला आणि कडेला कुठे आठ, कुठे पंधरा फुटांचा पट्टा उरला. तिथे आता रस्त्यालगत लांबच्या लांब बाग होणार, अशी चर्चा आहे. माझी रोपवाटिका याच रस्त्यावर आहे, म्हणजे मी खूश व्हायला हवं. पण आराखडा कोण करतंय, कुठे बसून करतंय, हे इथल्या एकाही घरात माहीत नाही.

मातीचंच घ्या. रुंदीकरणात हा पट्टा मुरूम टाकून रोलरने दाबलेला आहे. पहार मारली की ठणकन वाजते. अशा जागेत दोन-दोन फुटांचे सुटे खड्डे घेतले की जुलैत एकेका खड्ड्याचं टाकं होतं. पाण्याला झिरपायला वाट नाही, मुळं कुजतात, गणपती येईपर्यंत पानं पिवळी. मग रोपच खराब होतं म्हणून आमच्या नावावर बिल फाडायला सगळे मोकळे! इथे सलग चर खणून मुरूम उचलावा लागेल आणि चांगली माती, शेणखत भरावं लागेल. कडेच्या दगडांत मधे मधे फट ठेवली तर रस्त्यावरचं पावसाचं पाणीही त्यात मुरेल. नाहीतर ते गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जाणारच आहे. आता हा चर नेमका कुठून न्यायचा? पाण्याची जुनी लाईन आणि केबल कुठे पुरली आहे, हे इथल्या प्लंबरला आणि जुन्या दुकानदारांना नकाशापेक्षा नीट ठाऊक आहे. त्यांना विचारायला खर्च येत नाही.

झाडं निवडताना घाईत हिरवंगार दिसणारी नकोत. कोनोकार्पसला माझ्याकडेही गिऱ्हाईक येतं, कारण तो वर्षात भिंतीएवढा होतो. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या पाइपांत घुसणारी मुळं यांमुळे. विजेच्या तारांखाली ताम्हण, बहावा, कांचन लावा. तारा नाहीत तिथे करंज, कडुनिंब. आणि बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवू नका. चारी बाजूंनी निदान मीटरभर माती उघडी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीपुरतं बजावलं होतं. कोल्हापुरातल्या मुळांना काही वेगळा श्वास लागत नाही.

पट्ट्यावर आज कोण आहे, हेही पाहा. सकाळी भाजीवाल्या मावश्या बसतात, पुढे रिक्षा लागतात, शाळेची पोरं तिथूनच रस्ता ओलांडतात. उद्या सलग रेलिंग ठोकलं तर महिन्याभरात दोन गज वाकवून पोरं वाट काढतील. त्यापेक्षा वाट आधीच ठेवा. मावश्यांना उठवू नका, सावलीत बसायला ठरावीक जागा द्या. भाजीवर शिंपडायला त्या घागरभर पाणी रोज आणतातच, त्यातलं तांब्याभर शेजारच्या झाडाला घालायला त्यांची ना नाही. मी विचारलं आहे.

लोकसहभाग म्हणजे वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोला उभं राहणं, एवढाच अर्थ झाला आहे. टोलविरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेल्या या शहराला पंचवीस झाडांना पाणी घालणं जड नाही. आमच्या गल्लीतलं मंडळ एका टप्प्याची जबाबदारी घ्यायला तयार आहे. फक्त शंभर-शंभर फुटांवर नळाची तोटी द्या, एप्रिलमध्ये बादल्या वाहून कोणी टिकत नाही.

म्हणून दोन मागण्या. निविदा काढण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी अधिकाऱ्यांनी पट्ट्यावर यावं आणि चर, वाटा, रिक्षाथांबा सगळं आमच्यासमोर फक्की टाकून आखावं. दुसरी ठेकेदाराच्या पैशांची. झाड लावलं की पूर्ण बिल, असं नको. निम्मी रक्कम राखून ठेवावी आणि दुसरा उन्हाळा सरल्यावर जगलेली झाडं मोजून द्यावी. मोजायला आम्ही येऊ.

आपली,
एक रोपवाटिकाचालक, कळंबा परिसर, कोल्हापूर