‘आज’ कुणीकडचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडे जवळ आला की अचलपूर-परतवाडा भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत लूकच्या शुभवर्तमानातल्या २३:४३ वरून हटकून वाद निघतो. वधस्तंभावरच्या येशूने शेजारच्या अपराध्याला दिलेले हे वचन. ‘मी तुला खचीत सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे वाचले तर मरताक्षणी सुखलोक. ‘मी तुला आज खचीत सांगतो, तू...’ असे वाचले तर आश्वासन तेवढे आजचे, सुखलोक मृतांच्या पुनरुत्थानानंतर. दोन्ही बाजू स्वल्पविरामावर बोट ठेवतात. पण तो लूकने घातलेलाच नाही! जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अक्षरे सलग लिहिलेली, दोन शब्दांत मोकळी जागासुद्धा नाही.

ग्रीक क्रम असा: आमेन, तुला सांगतो आज माझ्याबरोबर असशील सुखलोकात. ‘आज’ मधोमध अडकला आहे. मागेही जोडता येतो, पुढेही. मार्क १४:३० मध्ये येशू आपला शिष्य पेत्र याच्याशी बोलताना ‘सांगतो’नंतर आपल्या ‘की’सारखा ‘होति’ (hoti) हा ग्रीक शब्द आहे, त्यामुळे तिथे प्रश्नच उरत नाही. लूकमध्ये तो नाही. तरी पहिले वाचनच बळकट वाटते. ‘आमेन, मी सांगतो’ हे येशूचे बोलणे शुभवर्तमानांत पुन्हा पुन्हा येते आणि दुसरीकडे कुठेही ‘आज’ त्याला चिकटलेला नाही.

इंग्रजीत स्वल्पविराम सरकवला की भागते. मराठीत मात्र ‘आज’ हा शब्दच उचलून ‘सांगतो’च्या अलीकडे किंवा पलीकडे ठेवावा लागतो. म्हणून मराठी वाचकाला इथे दोन वाटा होत्या हे कळतच नाही.

जुन्या करारातल्या यशया ४०:३ ला मात्र मराठीतही चिन्हच अर्थ फिरवते. हिब्रूत ‘घोषणा करणाऱ्याची वाणी : अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा’. मार्ग अरण्यात, पुढच्याच ओळीत ‘रानात राजमार्ग’ आहे, जोडी जुळते. मार्क १:३ मध्ये हेच वचन जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराप्रमाणे ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ येते, म्हणजे घोषणा करणाराच अरण्यात. नाताळच्या फ्लेक्सवर यशयाचे वचन चिन्हाशिवाय छापले की वाचणारा ‘वाणी अरण्यात’ असे एका दमात म्हणतो आणि यशयाचा मार्ग हरवतो.

डीटीपीवाल्याला वचन तोंडी सांगू नये, पानाचा फोटो द्यावा. प्रूफ आले की शब्दांबरोबर चिन्हेही एकेक ताडून पाहावीत आणि वचनाखाली कोणत्या भाषांतरातले ते लिहावे. सभेत वाचणाऱ्यानेही ओळ संपते तिथे नव्हे, चिन्ह आहे तिथे थांबावे. आपल्या पुरवणीत वचने छापतानाही एवढे पाहावे, ही विनंती.

– एक बायबल अभ्यासक, ता. अचलपूर, जि. अमरावती