एसएसडी बसवताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवल्यापासून आमच्या देवगड परिसरातील अनेक छोट्या व्यावसायिकांना एकच प्रश्न पडला आहे : जुना संगणक मोडीत काढावा, की त्यात एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच साठवणीची, पण फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून आणखी काही वर्षे चालवावा? ‘एसएसडी टाकली की मशीन नवीन झाले’ असे दुकानांतून सर्रास सांगितले जाते. वेगापुरते ते खरे आहे. मात्र विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि ती उणीव कोणतीही एसएसडी भरून काढत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले जावे. पण माझ्या पत्राचा विषय तो नाही. एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला बसवताना जी एक चूक होते आणि जी कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

माझा डीटीपी आणि छपाईचा लहानसा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, दशावताराच्या प्रयोगांची हस्तपत्रके आणि हंगामात हापूसच्या पेट्यांवरची लेबले ही मुख्य कामे. गेल्या वर्षी मार्चमध्ये, लेबलांची कामे सुरू होण्याच्या तोंडावर, मी एका दुरुस्तीवाल्याकडून ५०० जीबीची सॅटा (म्हणजे हार्ड डिस्कसारख्याच केबलने जोडली जाणारी) एसएसडी बसवून घेतली. विंडोज नव्याने एसएसडीवर घातले आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क कामाच्या फाइलींसाठी तशीच ठेवली. योजना योग्यच होती. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर वाचक टोकाला जागा शोधत जावे लागते आणि त्यात दर वेळी काही मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हा शोध जवळजवळ संपतो. त्यामुळे चहा होईपर्यंत सुरू न होणारा माझा संगणक अर्ध्या मिनिटात कामाला लागू लागला आणि सगळा हंगाम निर्वेध पार पडला.

आषाढात जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली. तिचे दिवस भरले हे ओळखून मी तिची केबल काढली, तर संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याची सूचना आली आणि चार महिन्यांची एसएसडीच गेली, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात एसएसडी धडधाकट होती. विंडोज घालताना जुनी डिस्क जोडलेलीच ठेवली होती. तिच्यावर संगणक सुरू करण्यासाठीचा आधीचा विभाग (पार्टिशन) तयार असल्यामुळे इन्स्टॉलरने, म्हणजे विंडोज घालणाऱ्या प्रोग्रामने, संगणक सुरू करणाऱ्या फाइली तिथेच लिहिल्या आणि बाकीचे विंडोज तेवढे एसएसडीवर घातले. म्हणजे घर नवे बांधले, पण किल्ली जुन्याच घरात राहिली. शेवटी एका जाणकार तरुणाने पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून एसएसडीवरचा विभाग ‘ॲक्टिव्ह’ (म्हणजे संगणक जिथून सुरू व्हावा तो) केला आणि ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा देऊन त्या फाइली एसएसडीवर आणल्या. काम अर्ध्या तासाचे, पण तोवर माझे दुकान तीन दिवस बंद होते. कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर होती म्हणून निभावले.

यावर उपाय एवढाच, की विंडोज घालण्यापूर्वी संगणकाचा प्लग काढून जुन्या हार्ड डिस्कची केबल सोडवावी, फक्त एसएसडी जोडून विंडोज घालावे, ती एकटीच्या बळावर सुरू होते हे पाहावे आणि मगच जुनी डिस्क पुन्हा जोडावी. याचा दुसरा लाभ असा, की विंडोज घालताना यादीत दिसणारी ‘डिस्क ०’ कोणती आणि ‘डिस्क १’ कोणती यात गल्लत होऊन जुनी, भरलेली डिस्कच पुसली जाण्याची शक्यता उरत नाही. काम आधीच करून घेतले असेल, तर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘सिस्टम’ हा शब्द कोणत्या डिस्कवरील विभागापुढे दिसतो ते पाहावे. तो जुन्या डिस्कवर दिसला, तर तुमची अवस्था माझ्यासारखीच आहे. इथे मायक्रोसॉफ्टच्या नामकरणाची गंमत अशी, की सुरुवातीच्या फाइली असलेल्या विभागाला ‘सिस्टम’ म्हणतात आणि जिथे विंडोज आहे त्याला ‘बूट’. सामान्य माणसाचा घोटाळा न झाला तरच नवल.

माझ्यासारख्या डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक सूचना. विंडोज नव्याने घातले, की जुन्या विंडोजच्या फोल्डरमधले फाँट नव्या विंडोजमध्ये आपोआप येत नाहीत. युनिकोडपूर्व (म्हणजे सर्वत्र चालणारी मराठी अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या) मराठी फाँटमध्ये केलेल्या पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रामच्या फाइली मग उघडतात, पण मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. लग्नपत्रिकेचा जुना नमुना मागणारे यजमान समोर बसलेले असताना हे कळणे फार अवघड जाते. त्यामुळे जुनी डिस्क पुसण्यापूर्वी फाँटचे फोल्डर वेगळे काढून ठेवावे. जुनी सॅटा केबल मात्र पुन्हा वापरू नये. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिची टोके गंजलेली असतात आणि नवी केबल काही फार महाग नसते.

दुरुस्ती करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर जुन्या डिस्कची केबल काढून संगणक एकदा सुरू करून दाखवावा आणि सुरुवातीच्या फाइली कोणत्या डिस्कवर आहेत ते बिलावर एका ओळीत लिहून द्यावे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग