तळ्यावर शिकलेली मुलं आणि समुद्रावरची गर्दी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उजनीवर जलक्रीडा म्हटलं की जेटस्की आणि स्पीडबोटच आठवतात. शिडाच्या होडीला समुद्रच लागतो, असा आपला समज. पण 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए-4 या एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर तयार झाली!

तळ्यावर वारा सारखा दिशा बदलतो, त्यामुळे वारा ओळखायची नजर पक्की होते. बाहेर गेल्यावर मुलं अडतात ती शर्यतीच्या सुरुवातीला. इथे आठ-दहा होड्या, तिथे एका रेषेवर साठ-सत्तर. पाच मिनिटं आधी इशाऱ्याचा झेंडा, चार मिनिटं आधी तयारीचा. शेवटच्या मिनिटाला तयारीचा उतरतो. तो ‘यू’ झेंडा असेल तर त्या मिनिटात सुरुवातीच्या रेषेची दोन टोकं आणि पहिला बोया (वळायची तरंगती खूण) यांच्या त्रिकोणात होडीचं नाकही जाता कामा नये; गेलं की बाद. शर्यत नव्याने सुरू झाली तर सुटका होते, काळ्या झेंड्याला तीही नाही. या धास्तीने रेषेच्या मध्यावरची मुलं दोन-दोन होड्यांइतकी मागे राहतात. यावर उपाय आहे. आधीच एका टोकाबाहेर जाऊन दोन्ही टोकं एका ओळीत धरावीत आणि त्यांच्या मागे काठावरचं झाड किंवा कळस हेरून ठेवावा. मध्ये शिरल्यावर पलीकडचं टोक त्या खुणेवर आलं की आपण रेषेवर. सरावाला साठ होड्या नकोत. ऑप्टिमिस्ट, म्हणजे लहान मुलांची एकट्याने चालवायची होडी, साधारण 2.3 मीटर लांब. सहा होड्यांना वीसच मीटरची रेषा द्या, घुसमट तीच होते. शीड फडफडत ठेवून अर्धा मिनिट जागेवर थांबता आलं पाहिजे.

तळ्यावर भरती-ओहोटी नाही. समुद्रात नांगरलेल्या बोयाजवळ अर्धी भरलेली बाटली टाकून मिनिटभर पाहावं (आणि ती उचलून आणावी). तीस मीटर सरकली तर प्रवाह सुमारे एक नॉट (ताशी 1.85 किलोमीटर). लाटांत होडीचं नाक वाऱ्याच्या दिशेकडे फार वळवलं की ती प्रत्येक लाटेवर अडखळते. नाक वाऱ्यापासून किंचित दूर, शीट (शीड आवळायची दोरी) थोडी सैल. हे मुंबईच्या समुद्रावर पंधरा दिवस घालवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

स्पर्धेत होडीच्या तपासणीत क्षुल्लक गोष्टी नडतात. ऑप्टिमिस्टचं शीड डोलकाठीपासून 10 मिलिमीटरपेक्षा लांब नको, होडी ओढून न्यायची दोरी तरंगणारी, किमान 5 मिलिमीटर जाड आणि 8 मीटर लांब, पाणी उपसायचं भांडं होडीला बांधलेलं, लाइफजॅकेटला शिट्टी.

राहिला उजनीचा उन्हाळा. पाणी दूर जातं आणि 35 किलोची होडी चिखलातून ओढण्यातच मुलांचा दम निघतो. तेव्हा इथे कुणी केंद्र काढणार असेल तर रुंद चाकांच्या ट्रॉल्या आधी घ्याव्यात, जादा शिडं नंतर.

– एक वाचक, सोलापूर